आल रुमैजांचे अर्धे झाड

खलफ अल-हुदैबची जीभ त्याच्याच कॉफीच्या पेल्यात सापडली. बाकीचा खलफ भिंतीला टेकून बसला होता, गळ्यात खंजीर घेऊन.

*

कॉलऱ्याच्या साली रास मुहैरमध्ये शेख ऐदची बायको बाळंतपणात रक्त जाऊन मेली. मुलगी जगली. शेळ्या मरून पडल्या होत्या आणि दुधाचा डबा त्या किनाऱ्यावर अजून आलेला नव्हता. मुलगी कशी जगली हे कुणी विचारले नाही. मुलगी होती, म्हणून.

*

रुमैजचा मुलगा सक्र. सक्र नमाजाला वाकलेला असताना भावाने त्याच्या पाठीत भाला घातला. त्या भावाला सक्रच्या मुलाने, हमदानने, विहिरीत उलटा टांगला आणि दोर कापला. हमदानचे दोन मुलगे, शाफी आणि ऐद. ऐदच्या गोळीने शाफीचा हात खांद्यापासून गेला. शाफीच्या माणसांनी ऐदचे दोन्ही मुलगे उंटांना बांधून खडकावरून फरफटत नेले. मग सोयरीक झाली. हे सगळे खलफ एका श्वासात म्हणायचा, आणि म्हणून झाले की कॉफी मागायचा.

*

शेख मिशारी सख्ख्या बहिणींचे सोडून कुठल्याही घरात शिरताना दाराबाहेर खाकरतो आणि "या सातिर!" अशी हाक देतो, म्हणजे आतल्या बायकांनी चेहरे झाकावेत. एकदा लंडनच्या इस्पितळात तो प्रत्येक खोलीबाहेर इतका खाकरला, की नर्सने त्याच्या छातीचा फोटो काढायला लावला. घरातली पोरे त्याला पाठीमागे "खोकला काका" म्हणतात.

*

एका तरुणाच्या दंडातून रक्त काढून घेतले. बापाला मूत्रपिंड हवे होते.

*

जल्लाद तलवारीला धार स्वतः लावतो. दुसऱ्याच्या हातात देत नाही.

मामाच हवा

शुक्रवारी दोन गोष्टी ठरल्या होत्या. दुपारच्या नमाजानंतर मशिदीसमोर खलफच्या खुनासाठी जासिरचे शिर उडवायचे. आणि चौक धुऊन झाला की राजवाड्यात बैअत, म्हणजे अमीर दुऐजच्या मुलाला, सत्तामला, वारस मानून सगळ्या टोळ्यांनी हातात हात द्यायचा. अमीराची मूत्रपिंडे गेली होती. आणखी वाट बघण्यात अर्थ नव्हता.

खलफ घराण्यांच्या वंशावळी सांगायचा, आणि जासिर त्याचा शिष्य होता. राजवाड्याच्या बैठकीत आल रुमैजांचा, म्हणजे अमीराच्या घराण्याचा, वंशवृक्ष भिंतीवर रंगवायचे काम या गुरुशिष्यांकडे होते. आणि जासिर हा निवृत्त कर्नल उकाबच्या बहिणीचा मुलगा होता.

म्हणून शेख मिशारीने बोलावणे धाडले तेव्हा उकाबला वाटले, आपल्याला प्रेत कुठून न्यायचे ते सांगणार असतील.

"अबू सैफ, बस. खजूर घे," मिशारी उकाबला मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाला. तो अमीराचा सख्खा धाकटा भाऊ, गृहखाते त्याच्याकडे. दाढी नीट विंचरलेली, हातात जपमाळ. "तपास तू कर."

"आयुष्मान व्हा, शेख. ज्याच्या भाच्याची मान जायची आहे त्याला तपास देता?"

"म्हणूनच देतो. दुसरा कुणी फाईल मिटवून जेवायला जाईल. तू जाणार नाहीस. मामाच हवा."

"खंजीर कुणाचा होता?"

"अमीरांचा. बैठकीतल्या भिंतीवरचा. पोलीस म्हणाले, त्या बैठकीत रंगाचे डबे घेऊन कोण बसायचं? जासिर. झालं, धरला." मिशारीने जपमाळेचा एक मणी सरकवला. "मी काही म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, खंजिराची मूठ कुणाची आहे ते बघ."

उकाब उठला. दाराशी त्याच्या लक्षात आले, की मिशारीने एकदाही जासिर कसा आहे, तो काही खातो-पितो का, असे काही विचारले नाही. या देशात मरणाऱ्या माणसाबद्दल तेवढे तरी विचारतात.

बाहेर गाडीपाशी त्याची बहीण जवाहिर उभी होती.

"भाऊ, त्याला दोन थोबाडीत मारायच्या असतील तर मार. पण घरी आणून मार."

हळू कधी बोलतो

जासिरच्या उजव्या हाताची बोटे सुजून वांग्यासारखी झाली होती. दोन नखे नव्हती.

"मामा, रिकाम्या हाताने आलास? चहा तरी आणायचास."

"मारलास त्याला?"

"उस्तादाला? मी? मला त्याच्या मांजरीची भीती वाटायची."

"मग भांडलास का?"

"भांडलो, सगळ्या बैठकीसमोर. त्याला भिंतीवर बायकांची नावं लिहायची होती. आया, बहिणी, सगळ्या. मी म्हटलं, उस्ताद, शेखांच्या बायकांची नावं पाहुण्यांसमोर भिंतीवर टांगलीस तर तुझी जीभ कापतील."

उकाबने डोळे मिटले. "असं म्हणालास?"

"असंच."

"मोठ्याने?"

"मामा, मी हळू कधी बोलतो?"

पहारेकऱ्याला हसू आले. उकाबला आले नाही. हे वाक्य त्या दिवशी बैठकीत ज्याने ज्याने ऐकले, त्या प्रत्येकाला जीभ कशी कापायची आणि दोष कुणावर येणार हे आयते मिळाले होते.

"बैठकीत कोण होतं?"

"कोण नव्हतं ते विचार. अमीर होते, शेख मिशारी होते, शेखा गालियांची दासी सरबत घेऊन आली होती. म्हणजे संध्याकाळपर्यंत अमीरांच्या बायकोलाही कळलं असणार." जासिरने सुजलेला हात मांडीवर ठेवला. "उस्तादाने ऐकलं नाही. म्हणायचा, हे अर्धंच झाड आहे. पुरुष काय वाळूतून उगवले? तो म्हाताऱ्या दासींकडे, दायांकडे जाऊन बसायला लागला. शेवटी नुवैर म्हातारीकडे गेला. थोरल्या शेखांच्या घरात होती बघ, अमीरांच्या आईची, शेखा तरफांची दासी. तिथून आला तो गप्प. खलफ आणि गप्प! मला वाटलं दात दुखतोय."

"काहीच बोलला नाही?"

"एकच बोलला. 'झाड खोटं नाही जासिर, पण सत्तामचं पान हलतंय. आधी घरातल्या एका समजूतदार माणसाशी बोलतो.'"

"कुणाशी?"

"ते विचारायला गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता." जासिर पहिल्यांदाच हळू बोलला. "मामा, तलवार एकदाच लागते ना? की कधी कधी दोनदा?"

नुवैर

गावाबाहेर, खाऱ्या दलदलीच्या कडेला म्हातारीची झोपडी होती. आता पत्रे काळे पडले होते आणि जळलेल्या शेळ्यांचा वास येत होता. शेजारच्या वस्तीतला माणूस म्हणाला, गॅसची टाकी फुटली, अल्लाची मर्जी, खलफच्या आधीच फुटली.

"प्रेत कुणी धुतलं?"

"माझ्या बायकोने."

बायको पत्र्याच्या आड उभी राहून बोलली. "धुण्यासारखं फार नव्हतं. पण भावा, मान मी बघितली. आगीत मान अशी होत नाही. तोंड पाठीकडे होतं."

उकाब राखेत उभा राहिला. दोन माणसे मेली होती, आणि दोघांत एकच गोष्ट सारखी होती. सत्तामचे पान.

सत्ताम अमीराचा मुलगा नाही, एवढाच त्याचा अर्थ होऊ शकत होता. आणि तसे असेल तर ज्या बाईने ते लपवण्यासाठी दोन माणसे मारवली, तिच्यासमोर जाऊन हे विचारायचे होते.

पडदा

शेखा गालिया जाड पडद्याच्या पलीकडे बसली होती. तिचा फक्त आवाज येत होता आणि मधूनमधून वेलचीचा वास.

"तर तुम्ही मला बदफैली म्हणायला आलात, कर्नल. बोला की. लाजू नका."

"मी काहीच म्हटलेलं नाही, उम्म सत्ताम," उकाबने तिला मुलाच्या नावाने हाक दिली.

"तोंडाने नाही म्हटलं. माझे दोन भाऊ शाफीच्या उंटांमागे मेले. मला त्याच शाफीच्या मुलाला दिली, रक्त थांबावं म्हणून. लग्नाच्या रात्री मी उशीखाली सुरी घेऊन गेले होते. दुऐजने ती बघितली, उचलली आणि त्याच सुरीने मला कलिंगड कापून दिलं." पलीकडे पेल्यात कॉफी ओतल्याचा आवाज आला. "त्या माणसाला मी फसवीन? अजून उन्हाळ्यात त्याला कलिंगड मीच कापून देते. डॉक्टर नको म्हणतात, तरी."

"खलफ तुमच्याकडे आला होता?"

"आला होता. माझ्या आईचं नाव विचारलं. चाळीस वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं आणि तो गेल्यावर रडले. लिहून घ्या हवं तर."

"बाळपणी तुम्हाला कुणी वाढवलं?"

"एका बहिऱ्या आत्याने. माझ्या बापाला मी दाखवायलासुद्धा कुणी..."

दार धाडकन उघडले. शेख मिशारी लांब ढांगा टाकत आत आला, उकाबकडे न बघता सरळ गेला आणि पडदा एका हाताने बाजूला सारून पलीकडे शिरला. आत पेला फुटला. दासी किंचाळली, "बाईसाहेब, चेहरा! चेहरा!"

"मिशारी!" गालियाचा आवाज फाटला. "हे काय घर आहे की उंटांचा गोठा?"

"चुकलं, वहिनी. घाईत होतो." तो पाठमोरा बाहेर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "अमीरांना झटका आला. तुम्हाला बोलावताहेत."

पडद्यामागे धावणाऱ्या पावलांचा आवाज झाला. उकाब एकटाच उरला. पडद्याखालून सांडलेली कॉफी त्याच्या पायांपर्यंत आली.

रक्त

"पाशा, तुम्ही माझी नोकरी घालवणार," डॉक्टर शनूदा म्हणाला. तो कैरोचा, राजवाड्याच्या इस्पितळात बरीच वर्षे काढलेला. अमीर झटक्यातून सावरला होता. डॉक्टर नव्हता.

"एकच प्रश्न आहे, आणि तो मी विचारलेला नाही."

"आणि मी उत्तर दिलेलं नाही. बरं. मूत्रपिंडासाठी पोराची सगळी तपासणी आम्ही केली. सत्ताम त्याच्या बापाचा आहे, त्याच्या आईचा आहे, आणि नाक तर सरळ त्याच्या आजोबांचं आहे, देव त्याचं भलं करो. रक्तात काही काळंबेरं नाही, पाशा. आरशासारखं स्वच्छ."

"नक्की?"

"मी ख्रिस्ती माणूस. तुमच्या शेखांच्या भानगडीत खोटं बोलून मला काय मिळणार? खरं बोलूनच मरायची पाळी आलीय."

उकाब पायऱ्या उतरला. रक्त स्वच्छ होते. मग पान हलत कशाने होते?

रस्त्यावर मशिदीसमोरच्या चौकात मजूर दोरीने जागा आखत होते. उद्याची.

शाहीन मासळीवाला

जवाहिरच्या घरी सगळ्या बायका जमल्या होत्या. रडून रडून थकल्या होत्या आणि आता भात कुणी करायचा यावरून भांडत होत्या. उकाब अंगणात बसला. गुन्हा करणारा त्याला सापडला नव्हता. सापडला होता फक्त निर्मळ रक्ताचा एक राजपुत्र.

तेवढ्यात लठ्ठ शाहीन मासळीवाला हमूर माशांची पाटी घेऊन आला, हाक न देता, न खाकरता सरळ बायकांमधून स्वयंपाकघरात गेला. जवाहिरने डोक्यावरची ओढणीही सावरली नाही.

उकाबच्या तोंडून आपसूक गेले, "हा असा आत कसा शिरला?"

"भाऊ, वेड लागलं का तुला?" जवाहिर म्हणाली. "शाहीन आहे. त्याची आई आजारी होती तेव्हा आपल्याच आईचं दूध प्यायलाय ना तो. माझा भाऊच की. त्याच्यापुढे झाकू?"

"आणि तुझ्याहून जास्त प्यालो," आतून शाहीन ओरडला. "माझ्याकडे बघून कळतं!"

बायका हसल्या. रडतारडता हसल्या.

उकाब हसला नाही. तो उभा राहिला, पुन्हा बसला, आणि मग पायांत चपला न घालताच बाहेर पडला.

काझी

"हॅलो, काझीसाहेब? उकाब बोलतोय."

"बोल, अबू सैफ. भाच्यासाठी असेल तर हुकूम अमीरांचा आहे, माझ्या हातात..."

"धर्मशास्त्राचा मसला विचारायचाय. एका पुरुषाने आणि एका बाईने अंगावरचं दूध एकाच आईचं घेतलं. पुढे त्यांचं लग्न झालं."

"हराम. दूधभाऊ आणि दूधबहीण ती. कळेल त्या क्षणी वेगळं करायचं."

"त्यांचं मूल?"

"माहीत नसताना लग्न केलं असेल, तर मूल औरस. बापाचं नाव, बापाचा वारसा, सगळं. पोराचा काय दोष?"

"आणि माहीत असून केलं असेल तर?"

काझीने पलीकडे उठून दार लावले. मग म्हणाला, "तर तो व्यभिचार. मूल बापाचं नाही. वारसा नाही. अबू सैफ, हे कुणाच्या..."

"दोघांपैकी एकालाच माहीत असेल तर?"

"बापाला माहीत असेल, तर मूल बापाचं नाही. आता तरी सांग, कुणाच्या घरचं आहे?"

उकाबने फोन ठेवला.

उलटी चाल

आता सगळे उलटे बघायचे होते.

ऐदची मुलगी आईवाचून, दुधावाचून जगली. त्याच साली त्याच गावात एका घरात अंगावरचे दूध होते. शाफीच्या घरात. त्याची बायको तरफा नुकतीच बाळंत झाली होती, आणि ते बाळ म्हणजे मिशारी. पण शाफीचा हात ऐदने उडवला होता. वैऱ्याच्या पोरीला दूध पाजते असे तरफा कुणाला सांगणार? पोरीला चादरीत गुंडाळून मागच्या दाराने आणायची ती नुवैर.

म्हणून गालिया दुऐजची दूधबहीण, आणि मिशारीचीही.

खलफला हे कळले. त्याने काझीसारखाच विचार केला असणार. लग्न मोडेल, दोन माणसे रडतील, पण पोराचे पान झाडावर राहील. म्हणून तर तो घरातल्या समजूतदार माणसाकडे निर्धास्त गेला.

मग त्याला मारून कुणाचा फायदा? अमीराचा? अमीराने गप्प राहून "मला माहीत नव्हतं" एवढेच म्हटले असते तरी मुलगा वाचला असता. खून केला तरच ठरणार होते की त्याला माहीत होते. ज्याला सत्तामचे पान तोडून स्वतः वारस व्हायचे होते, त्याला लपवायचे काहीच नव्हते. त्याला हवा होता फक्त एक खून, जो अमीराने लपवण्यासाठी केला असे दिसेल. म्हणून जीभ कापली. म्हणून अमीराचा खंजीर. शंभर नोकर पदरी असलेला अमीर कुणाच्या गळ्यात स्वतःची मूठ ठेवून जातो?

पण खुन्याने एक चूक केली. अमीरावर संशय घेण्याची या देशात कुणाची छाती नव्हती. लोकांनी खंजीर बघितला आणि जवळ उभा असलेला रंगारी धरला. मग त्याला असा माणूस शोधावा लागला, जो दुसरा खुनी शोधण्यासाठी अमीराच्या दारापर्यंत जायला घाबरणार नाही.

मामाच हवा.

आणि ते दार. लंडनच्या नर्सपुढेही खाकरणारा माणूस भावजयीच्या पडद्यात न खाकरता शिरतो कसा? सख्ख्या बहिणींच्या घरी तो असाच शिरायचा. घाईत माणसाची पावले त्याला ठाऊक असलेल्या वाटेने जातात. त्याला ती बहीण आहे हे ठाऊक होते. आणि तिच्या हातून पेला फुटला, कारण तिला नव्हते.

दूध

शुक्रवारी सकाळी अमीर दुऐज बैठकीत आडवा होता. शेजारी डायलिसिसचे यंत्र घुरघुरत होते, नळीतून त्याचे रक्त बाहेर जाऊन परत येत होते. मागे भिंतीवर झाड होते, हिरव्या पानांत पुरुषांची नावे, सत्तामचे पान अजून ओले. काझी एका बाजूला, मिशारी दुसऱ्या बाजूला. पडद्यामागे गालिया.

उकाबने सगळे सांगितले. दुधाचे, नुवैरच्या मानेचे, जिभेचे. कुणाला काय माहीत होते, ते अजून सांगितले नव्हते.

अमीर छताकडे बघत होता.

"मग उरलं काय?" मिशारी सावकाश म्हणाला. जपमाळ थांबली होती. "दोन माणसं तोंड बंद करायला मारली. खंजीर ह्या भिंतीवरचा. ज्यांना माहीत होतं त्यांनीच मारलं. काझीसाहेब, माझी जीभ रेटत नाही, पण पोरगा..."

"शेख," उकाब म्हणाला, "तुम्ही परवा वहिनींच्या पडद्यात हाक न देता गेलात."

"घाईत होतो म्हटलं ना."

"तुम्ही भूकंपातसुद्धा खाकराल. तुम्हाला ठाऊक होतं की पलीकडे तुमची बहीण बसलीय. खलफ ज्याच्याशी बोलायला गेला तो समजूतदार माणूस तुम्ही."

मिशारी हसला. "पावलांवरून मान उडवणार? हा तपास आहे की..."

पडदा सरकला.

गालिया काझीकडे आणि उकाबकडे पाठ करून उभी राहिली, आणि मिशारीसमोर तिने चेहऱ्यावरचे कापड ओढून काढले. काझीने मान खाली घातली.

"नीट बघ," ती म्हणाली. "आता झाकू कशाला? भाऊ आहेस ना माझा. त्या दिवशी पडद्यात शिरलास तेव्हा तू नजर वळवली नाहीस. मला वाटलं, निर्लज्ज झाला. तू तर बहिणीकडे बघत होतास." आणि तिने त्याच्या तोंडावर थुंकले. "माझ्या आईचं नाव विचारणारा एकच माणूस होता. त्याची जीभ कापताना हात थरथरला का रे?"

मिशारीने तोंड पुसले. त्याचा आवाज आता वेगळाच निघाला, लहान मुलासारखा, हट्टी.

"नाही थरथरला. म्हातारीची मान जास्त अवघड गेली, ती चावली. पण मी खोटं काय केलं? मी रचलं काहीच नाही! जे होतं ते लोकांना दिसावं म्हणून केलं. नुवैरने मरताना मला सगळं सांगितलं. विचार ना तुझ्या नवऱ्याला! दुऐज, सांग त्यांना, आईने तुला..."

गोळी त्याच्या दातांतून आत गेली.

अमीराचा हात उशीखालून बाहेर आलेला होता. झटक्याने दंडातली नळी उपसली गेली आणि रक्ताची चिळकांडी भिंतीवर, झाडाच्या खालच्या फांद्यांवर उडाली. मिशारी गुडघ्यांवर बसला, जणू काही शोधायला, आणि पुढे पडला. त्याची एक टाच गालिच्यावर आपटत राहिली. मग थांबली.

डॉक्टर शनूदा दारातून धावत आला आणि अमीराचा दंड दाबून धरत ओरडू लागला, "पाशा, नळी! नळी!"

गालिया हलली नाही. "दुऐज?" ती म्हणाली. "आईने तुला काय?"

अमीराने तिच्याकडे बघितले नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

काझीने घसा साफ केला. "अमीर, दोन तासांनी मला टोळ्यांसमोर उभं राहायचंय. एकच सांगा. निकाहाच्या वेळी तुम्हाला हे नातं माहीत होतं?"

"नाही."

"तुमचा शब्द मला पुरतो. पण त्यांना शब्द नको, तपास हवा." काझी उकाबकडे वळला. "तपास तुझा आहे, अबू सैफ. तुझ्या तपासात काय आढळलं? अमीरांना माहीत होतं का?"

उकाबने पायाशी बघितले. मिशारीचे तोंड उघडे होते आणि त्यात आता शब्द नव्हता. त्याने त्या अर्ध्या वाक्याचा पुढचा भाग मनात जुळवून पाहिला, आणि तो सहज जुळला. बाहेर चौकात लाउडस्पीकरची तपासणी चालली होती. कुणीतरी "अल्लाहू अकबर" म्हणून फुंकर मारली.

अमीर पुन्हा बोलला, डोळे मिटून. "उकाब, तुझा भाचा तुरुंगाच्या मागच्या दारात उभा आहे. जल्लादाला मी अजून निरोप दिलेला नाही."

गालिया वळली. ओढणी आता चेहऱ्यावर होती, फक्त डोळे दिसत होते. ते उकाबवर होते.

"माहीत नव्हतं," उकाब म्हणाला. "दोघांनाही."

काझीने मान डोलावली. "मग पोरगा औरस आहे. आणि उम्म सत्ताम आजपासून ह्या घरात राहणार नाहीत."

चहा

जासिर मागच्या दारातून बाहेर आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. त्याने हात पोटाशी धरला होता आणि चौकाकडे बघायचे टाळले.

"मामा, चहा?"

उकाबने गाडीतून थर्मास काढला. जासिरला पेला धरता येईना, म्हणून उकाबने तो त्याच्या ओठांना लावला. थोडा चहा हनुवटीवरून ओघळला.

"कोण होता?"

"शेख मिशारी."

"खोकला काका?" जासिरने हनुवटीवरचा चहा बाहीने पुसला. "उस्ताद त्याला फार मानायचा. म्हणायचा, ह्या घरात देवाला भिणारा तेवढा एकच." मग म्हणाला, "भिंत पुसून पुन्हा रंगवावी लागेल, नाही? रक्त तेलरंगाखालून वर येतं."

"दुसऱ्या कुणाला रंगवू दे."

"मला बोलावतील. नावांचा क्रम मलाच पाठ आहे." त्याने सुजलेली बोटे बघितली. "बायकांची नावं लिहायची का, विचारतो."

"जासिर."

"हळू विचारतो."

मशिदीतून लोक बाहेर पडत होते आणि रिकाम्या चौकात थबकून एकमेकांना विचारत होते. राजवाड्याच्या मागच्या फाटकातून काळ्या काचांची एक गाडी निघाली आणि वाळवंटाच्या रस्त्याला लागली. पुढच्या फाटकातून टोळ्यांचे म्हातारे आत चालले होते, सत्तामच्या हातात हात द्यायला. उकाबने गाडी सुरू केली. जवाहिरने कालपासून काही खाल्ले नव्हते.

लग्नाच्या आदल्या दिवशी शेखा तरफाने थोरल्या मुलाला विहिरीपाशी नेऊन सगळे सांगितले होते, आणि दुऐजने तिचे शेवटपर्यंत ऐकून घेतले होते.